पाच वाजताचा खाऊ: मुलांच्या खाण्यातले कृत्रिम रंग नि रसायनं घरच्या घरी कशी कमी करायची

संध्याकाळी पाचला दार उघडतं, दप्तर सोफ्यावर पडतं, एक बूट दारात आणि दुसरा कुठेतरी आत, आणि आवाज येतो, "आई, खायला काय आहे?" या प्रश्नाला उत्तर द्यायला आपल्याकडे फार तर दोन मिनिटं असतात. पुडा जिंकतो तो इथे. चवीने जिंकतो असं मला वाटत नाही, तो तयार असतो म्हणून जिंकतो. उपमा करते म्हणून आपण रवा भाजायला घेईपर्यंत बिस्किटाचा पुडा अर्धा संपलेला असतो.

माझी दोन मुलं आहेत, एक नऊ वर्षांचा, एक पाच. त्यांच्या खाण्यातून कृत्रिम रंग, वास आणि टिकवण्याची रसायनं कमी करायची म्हणून मी आधी बंदी घालून पाहिली. ती आठ दिवस टिकली. मग लक्षात आलं की प्रश्न पाचच्या फळीचा, म्हणजे पाच वाजता मुलांचा हात जिथे जातो त्या फळीचा आहे. त्या फळीवर काय ठेवलंय ते बदललं की बाकीचं बरंचसं आपोआप होतं. पुढे लिहिलंय ते या क्रमानेच करा असं सांगेन.

आधी घरातले पुडे ओट्यावर मांडा

काही फेकू नका, काही विकत आणू नका. एका दुपारी घरातलं सगळं पाकीटबंद खाणं ओट्यावर काढा आणि मागची बाजू वाचा. त्यासाठी एक नियम पुरतो: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं.

आमच्याकडचं संत्र्याच्या क्रीमचं बिस्कीट घ्या. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. पुढे आकडे सुरू होतात, वरून मिसळलेले पदार्थ पाकिटावर ठरलेल्या आकड्यांनी लिहितात: फुगवणारे पदार्थ ५०० आणि ५०३, म्हणजे खायचा सोडा आणि त्याचा अमोनियावाला भाऊ. मग ३२२, म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. मग ३३०, ११० आणि 'फ्लेवर'. संत्रं कुठेच नाही. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, त्याने आंबटपणा आला. ११० हा सनसेट यलो नावाचा रंग, त्याने केशरीपणा आला. आणि वास बाटलीतून आला. तीन वस्तूंनी मिळून संत्र्याचं सोंग घेतलं. माझ्या मोठ्याला हे दाखवलं तेव्हा तो इतका खूश झाला की त्याने दुसरा पुडा मागितला. असंही होतं.

आकडा दिसला की घाबरायचं, असं मात्र नाही. १०० म्हणजे हळदीतला पिवळेपणा. १६२ म्हणजे बिटाचा लाल. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ४४० म्हणजे पेक्टिन, जे पेरूच्या जेलीत आपसूक असतं. आकडा ही नुसती ओळख आहे. मी स्वतः थांबते ते या ठिकाणी:

रंग: १०२, ११०, १२२, १२४, १२७, १२९, १३२, १३३. हे सगळे कृत्रिम रंग.

टिकवण्यासाठी: २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, सरबतं आणि सॉसमध्ये. २२० ते २२४ ही गंधकाची मंडळी, सोनेरी बेदाणे आणि सुकवलेल्या जर्दाळूत. दमा असलेल्या काही मुलांना गंधकाने त्रास होतो, त्यांच्या घरी काळे मनुके बरे. ३१९ ते ३२१ तेल खवट होऊ नये म्हणून, वेफर्स आणि तळलेल्या नूडल्समध्ये.

चव वाढवायला: ६२१, ६२७, ६३१, ६३५. यातल्या ६२१ ची, म्हणजे अजिनोमोटोची, जितकी बदनामी झाली तितकं ते वाईट आहे असं मला वाटत नाही. त्यातलं चव आणणारं ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतंच. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या पदार्थाला चव आणायला हे लागतं त्यात मुळात खाण्यासारखं फारसं काही नसतं, आणि जिभेला त्या चवीची सवय लागली की घरची आमटी 'पाणचट' लागायला लागते.

कृत्रिम रंगांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यावर बरंच काम झालंय. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रंग आणि सोडियम बेन्झोएट यांचं मिश्रण घातलेलं पेय देऊन पाहिलं. काही मुलांचा चळवळेपणा वाढला. परिणाम लहान होता, आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. तरीही २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांच्या पाकिटांवर मुलांच्या लक्ष आणि वागण्याबद्दल इशारा छापावा लागतो. १०२, ११०, १२२, १२४ आणि १२९ हे त्यातलेच. आपल्याकडे यातले बरेचसे रंग चालतात, बहुतेक पदार्थांत किलोला १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. त्यामुळे एका जेलीने मूल बिघडेल असं काही नाही, आणि रंग बंद केले म्हणजे चंचल मूल ऋषी होईल असंही नाही. लक्ष लागत नाही ही खरी काळजी असेल तर डॉक्टरांना विचारा, त्याचं खापर जेलीवर फोडू नका.

मला पाकिटांपेक्षा सुट्या खाण्याची जास्त धास्ती वाटते. पाकीट निदान मागे काहीतरी सांगतं. जत्रेतले म्हातारीचे केस, लालभडक मंच्युरियन, गाडीवरचा काळा खट्टा, बोटांत घालून खायच्या पिवळ्या नळ्या, यांत कोणता रंग किती पडला हे कुणी मोजत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि म्हातारीच्या केसांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, ती तपासणीत र्‍होडामाइन बी सापडल्यावर. हा रंग कापड रंगवायचा, खायचा नाही. म्हणून वाचायला वेळ नसेल तर निदान हे एक करा: सुटं आणि भडक असेल ते घ्यायचं नाही.

मग तीनच गोष्टी बदला

सगळं एकदम काढलं की घरात बंड होतं. कोणत्या तीन? जे रोज खाल्लं जातं ते. वर्षातून दोनदा येणाऱ्या केकपेक्षा रोजची चार बिस्किटं मोठी. आमच्याकडे ती तीन निघाली: बिस्कीट, सॉस, आणि दुधात घालायची पावडर. तुमच्याकडे वेगळी निघतील.

पावडरीचं सोपं होतं. तिच्या मागे 'ॲडेड शुगर' अशी ओळ असते, ती वाचली की प्रश्न सुटतो. तिच्याऐवजी दुधात वेलची-जायफळ, थंडीत हळद, आणि सकाळी नाचणीचं सत्त्व. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पावडरीच्या डब्यावरची जाहिरात हेच सांगून पैसे घेते. पहिले आठ दिवस मी अर्धी पावडर, अर्धं सत्त्व असं केलं, मग पाव पाव करत बंद. जिभेला वेळ द्यावा लागतो. नवा पदार्थ दहा-बारा वेळा ताटात आल्याशिवाय 'त्याला आवडत नाही' असं ठरवू नका, आणि त्या दहा-बारा वेळांत आग्रहही करू नका. चमचाभर वाढायचं आणि विषय बदलायचा.

सॉस घरी होतो, आणि बाजारच्यासारखाच लागतो. एक किलो लालबुंद टोमॅटो, एक कांदा, चार लसूणपाकळ्या, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि रंगासाठी बिटाची एक चकती, सगळं कुकरला दोन शिट्ट्या. लवंग-दालचिनी काढून टाका, बाकीचं वाटून गाळा आणि पसरट कढईत आटवा. तीन-चार चमचे साखर, चमचाभर मीठ, थोडं तिखट, शेवटी तीन चमचे व्हिनेगर. झालंय का ते बघायला ताटलीत थेंब टाका. थेंबाभोवती पाण्याची कड सुटली तर अजून आटवा. कोरड्या, उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला की दोन आठवडे बिनघोर. किलोभर टोमॅटोचा सॉस होतो जेमतेम एक वाटी-दीड वाटी, हे आधीच सांगते, नाहीतर कढईकडे बघून रडू येईल. उन्हाळ्यात टोमॅटो महागले की मी सरळ चिंच-खजुराची चटणी करते.

पाचची फळी

आता मुख्य काम. स्वयंपाकघरात मुलांच्या हाताला येईल अशी एक फळी मोकळी करा. त्यावर चार डबे. त्यातलं मुलांनी न विचारता घ्यायचं. न विचारता, हे महत्त्वाचं; परवानगी लागली की फळीची मजा गेली.

पहिल्या डब्यात कोरडं आणि कुरकुरीत. चुरमुरे मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे. दोन-तीन पळ्या तेलात ठेचलेला लसूण लालसर होऊ द्यायचा, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद, तिखट, मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर. गॅस बंद करून मग चुरमुरे. हा भडंग पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. कोमट भरला की दुसऱ्या दिवशी चामडं होतं. पोह्याचा चिवडा, ज्वारीच्या लाह्या, भाजलेले मखाने हेही आलटून पालटून. वेफर्सला खरा पर्याय हाच, कारण मुलांना वेफर्समध्ये हवा असतो तो आवाज.

दुसऱ्यात गोड. गूळपापडी सगळ्यात भरवशाची: एक वाटी कणिक, अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी किसलेला गूळ. कणिक तुपात मंद आचेवर खमंग भाजा, दहा-बारा मिनिटं लागतात, वास घरभर आला पाहिजे. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग गूळ घालून झरझर ढवळा आणि तूप लावलेल्या ताटात थापा. गॅस चालू असताना गूळ घातला तर वडी इतकी कडक होते की पाडायला बत्ता लागतो. घाई असेल तर वाटीभर भाजलेले शेंगदाणे आणि वाटीभर बिनबियांचे खजूर मिक्सरला फिरवा, दाण्यांच्याच तेलावर लाडू वळतात. गूळ घेताना पिवळाधमक नको, तपकिरी घ्या. तो पिवळेपणा बऱ्याचदा हायड्रोस नावाच्या पावडरीचा असतो; जुन्या गुऱ्हाळांत रस साफ करायला भेंडीच्या झाडाचा चीक वापरत, त्या गुळाचा रंग गडदच यायचा. आणि हो, गूळ म्हणजे औषध नव्हे. तीही साखरच, दिवसाला एक वडी पुरे.

तिसऱ्या डब्यात शेंगदाणे, फुटाणे, काळे मनुके. सुरकुतलेले, काळपट किंवा कडू दाणे निवडून फेका, त्यात बुरशीचं विष असू शकतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. त्यांच्यासाठी कूट.

चौथा डबा रिकामा. त्यात रोज धुतलेलं फळ. केळं, पेरूच्या फोडी, बोरं, सीताफळ, जे दिवस असतील ते. फोडी करून ठेवल्या तर संपतात, अख्खं फळ तसंच राहतं. हे का होतं मला कळलेलं नाही, पण आमच्याकडे पक्कं होतं.

यात वेळ किती जातो? रविवारी दोन तास. त्यातले पाऊण तास मुलं 'मदत' करतात ते धरून.

जेवण एकच

मुलांसाठी वेगळं करू नका. मुलांसाठी वेगळं म्हणून जे होतं ते बहुधा पास्ता किंवा नूडल्स होतं आणि त्याची पुडी येते. सगळ्यांचंच जेवण करताना त्यांचा वाटा तिखट घालायच्या आधी काढा. आमटी उकळली की त्यांची वाटी बाजूला, मग आपल्याला वरून लाल तिखटाची फोडणी. उसळीचंही तसंच. मऊ भात, मेतकूट, तूप आणि लिंबाची फोड, एवढ्यावर आमचं धाकटं महिनाभर जगेल.

ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवसासाठी भाजणी. माझं प्रमाण: ज्वारी अर्धा किलो, बाजरी पाव किलो, तांदूळ पाव किलो, हरभराडाळ १२५ ग्रॅम, उडीदडाळ १२५ ग्रॅम, धने ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. प्रत्येक गोष्ट वेगळी भाजायची, कारण बाजरी आणि डाळ एका वेळेला भाजल्या जात नाहीत. गार करून गिरणीत 'जरा जाडसर' असं सांगून दळून आणा. थालीपिठात कांदा, किसलेला दुधी, मेथी, काहीही खपतं. लोण्याचा गोळा वर ठेवला की भाजी मोजत बसायला कुणाला सवड नसते.

नूडल्स हव्याच असतील तर गव्हाच्या शेवया उकळत्या पाण्यात काढून भाज्यांबरोबर परता. मसाल्यासाठी धने-जिरेपूड, सुंठ, लसणाची पूड, आमचूर, मिरपूड, मीठ, साखर. सुरुवातीला मी अर्धी बाजारची पुडी आणि अर्धा हा मसाला घालत होते. तिसऱ्या आठवड्यात पुडी संपली, कुणी विचारलं नाही.

डबा

छोट्या सुट्टीत मुलाला खायला दहा मिनिटं मिळतात, त्यातली पाच बोलण्यात जातात. डब्यातला पदार्थ हाताने, न सांडता, गार झाल्यावरही खाता आला पाहिजे. म्हणून पोळीचा रोल, मुगाचं धिरडं, इडलीचे तुकडे, तिखटमिठाच्या पुऱ्या, पराठा. सोबत कोरडी चटणी: शेंगदाणा, जवस, कारळं. गरम पदार्थ गरम असताना झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि तो आंबतो. पंख्याखाली पाच मिनिटं ठेवून मग झाका. मार्च ते जून ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात डब्यात नको. आपल्या जेवणात रसायन नाही, म्हणजे ते लवकर खराब होणार, हा हिशेब विसरायचा नाही. लोणचं टिकतं ते मिठावर आणि तेलावर, सांडगे उन्हावर, मुरांबा साखरेवर. ज्यात यातलं काहीच नाही ते त्याच दिवशी संपवायचं.

रंग हवाच असेल तर

वाढदिवसाला रंग हवाच असतो. धाकट्याच्या चौथ्या वाढदिवसाला मी पिवळा केक करायचा म्हणून पिठात हळद घातली. भट्टीतून निघाला तो विटकरी ठिपक्यांचा, गोवर आल्यासारखा. हळद आणि सोडा एकत्र आले की लाल होतात. ढोकळ्यावर कधी लाल ठिपके दिसतात ते यामुळेच. आता मी केक साधा करते आणि रंग वरच्या थरात घालते. घट्ट चक्का, पिठीसाखर, त्यात चमचाभर बिटाचा रस. चक्का आंबट असल्यामुळे गुलाबी छान धरून राहतो. पिवळ्यासाठी केशर दुधात खलून, किंवा दिवसात हापूसचा रस. हिरव्यासाठी पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग वाटून. हा गोडात नको, पुऱ्यांत आणि धिरड्यात घाला. बिटाचा रंग तव्यावर फार वेळ ठेवला की मातकट होतो, लिंबाचे चार थेंब टाकले तर टिकतो. निळा घरी नीट जमत नाही. निळा केक मागितला तर मी निळ्या मेणबत्त्या आणते.

प्यायला ताक, लिंबू सरबत, पन्हं, कोकमाचं आगळ पाण्यात घालून. बाजारच्या कोकम सरबताची बाटली मात्र वाचून घ्या, काहींत साखर पहिली, आमसूल शेवटी आणि मध्ये रंग.

आजी, शाळा आणि शनिवार

सासूबाई गावाहून येताना नातवंडांसाठी क्रीमच्या बिस्किटांचे सहा पुडे आणायच्या. दोनदा तोंड वाकडं करून पाहिलं, उपयोग शून्य. तिसऱ्यांदा म्हटलं, "आई, खाऊ तुम्हीच आणा, पण तुमच्या हातचा आणा. मला तुमच्यासारख्या खुसखुशीत शंकरपाळ्या येत नाहीत." तेव्हापासून डबाभर शंकरपाळ्या येतात. मैदा आहे, साखर आहे, तळलेल्या आहेत. चालतं. घरात कोण काय आणतं यावर भांडून मुलांना काही मिळत नाही.

शाळेत वाढदिवसाला वाटायला राजगिऱ्याच्या वड्या किंवा खोडरब्बर. भारतात २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत. पालकसभेत हे माहीत असलेलं बरं.

आणि शनिवारी एक पुडा. कोणता तो मुलांनी ठरवायचा, अट एकच, मागचं मोठ्याने वाचून दाखवायचं. गेल्या शनिवारी मोठ्याने दुकानात उभं राहून हिरव्या जेलीचं पाकीट वाचलं, "आई, यात १०२ पण आहे आणि १३३ पण." दुकानदार मान वर करून बघायला लागला. पिवळा आणि निळा मिळून हिरवा झाला हे त्याने स्वतःच ओळखलं, चित्रकलेच्या तासाला शिकवलं होतं म्हणे. मग जरा वेळ विचार केला आणि तेच पाकीट घेतलं. अर्धं खाल्लं, अर्धं अजून फ्रीजच्या दारात आहे.